गाडी कुणासाठी बसते

१७ ऑगस्ट, रविवार

ध्रुव आज गेला. दोन वर्षं कॅनडा. जाताना त्याने आपली गाडी आमच्या पोर्चमध्ये उभी केली आणि चावी माझ्या हातात दिली. "बाबा, अधूनमधून चालवा, नाहीतर बॅटरी उतरते." गाडी कसली, माडी आहे. समोरच्या विक्रमसिंहांची गाडी तिच्यापुढे चप्पल वाटते. ते लगेच बाहेर येऊन उभे राहिले.

निघण्याआधी ध्रुवने एक करामत दाखवली. या गाडीच्या चाकांवर स्प्रिंग नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत. डिकी उघडली की आतल्या भिंतीला एक बटण आहे. ते दाबलं की पिशव्यांतली हवा सुटते आणि अख्खी गाडी खाली बसते. फूस्स करून. आधी मागून, मग पुढून. रस्त्याला लागली की आपली आपण उठते.

"आईला चढायला सोपं पडेल," ध्रुव म्हणाला. "तिचे गुडघे..."

मी त्याला तिथेच थांबवलं. माझे पणजोबा इथल्या ग्वाल्हेर दरबारच्या पीलखान्याचे दारोगा होते, म्हणजे सगळे हत्ती त्यांच्या ताब्यात. आमच्या घरात चालत आलेलं वचन आहे: हत्ती बसतो तो तिघांसाठी. राजा, देव आणि नवी नवरी. बाकीच्यांनी शिडी लावायची. उगाच बसवला की हत्तीचा रुबाब जातो आणि माहुताचाही.

"बाबा, ती गाडी आहे," ध्रुव म्हणाला.

"ते बटण कशासाठी दिलंय?"

"सामान चढवायला."

सामानाला उंट असतात. पण विमानाची वेळ झाली होती, म्हणून वाद वाढवला नाही. शरयूसाठी मी लाकडी स्टूल काढून ठेवलं आहे. ती पदर डोळ्याला लावून फाटकाशी उभी होती, तिने यातलं काही ऐकलं नसावं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज गाडीची पहिली फेरी. दर गुरुवारी शरयूला तिच्या मोठ्या बहिणीकडे, लीलाताईंकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला मुरारला न्यायचं असतं. लीलाताईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावरच आहेत. शरयू जाते, त्यांचे केस विंचरून देते, दोघी एकमेकींच्या सासरची निंदा करतात. सासर म्हणजे आम्हीच. इतके दिवस आमची जुनी लहान गाडी होती, ती गेल्या महिन्यात विकली.

स्टूल चांगलं होतं, पण पोर्चला उतार आहे. शरयूने एक पाय स्टुलावर, एक पाय गाडीत ठेवला आणि स्टूल गेलं. किरकोळ घसरली. स्टुलाचा एक पाय मात्र कामातून गेला. कोणी पाहिलं नाही. म्हणजे विक्रमसिंह होते, त्यांची सून गरिमा होती आणि दूधवाला होता. गरिमाने धावत येऊन तिला मागून धरून आत ढकललं. शरयू मुरारपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, या उंचीवरून गाव किती वेगळं दिसतं, नाही? ती म्हणाली, "हो, सगळ्यांना आपण दिसतो."

२८ ऑगस्ट, गुरुवार

घरी गणपती बसलेत. तरी मुरारचा नेम चुकवायचा नाही म्हणे.

शरयूमध्ये एक चांगला बदल दिसतो. पूर्वी मी गाडी काढून हॉर्न वाजवायचो तेव्हा बाईसाहेब येत. आज स्वतःच म्हणाली, "अहो, चावी द्या. मी पुढे होते, तुम्ही सगळे ताले लावून या." आम्हाला कुलूप म्हणायचं सोडून पन्नास वर्षं झाली. मागचं दार, गच्चीचं दार, जाळीचं दार आणि पुढचं दार लावून, एकेक ओढून बघून मी बाहेर आलो, तर ती सीटवर बसलेली, पट्टासुद्धा लावलेला. स्टुलाशिवाय! सवय झाली की सगळं जमतं, हे मी तिला सांगत होतोच.

तिची पिशवीही तिने स्वतः डिकीत ठेवली. एरवी ती पिशवी मांडीवरून हलत नाही.

एकच गोष्ट खटकली. गाडी मला जरा ठेंगणी दिसली. ऊन डोळ्यावर होतं, भास असेल.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरींसाठी केवड्याची पानं आणायला एकटाच फूलबागेकडे गेलो. गाडी व्यवस्थित उंच.

दुपारी गरिमा गौरी बघायला आली आणि शरयूशी स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत बसली. "आंटी, दबाके रखना, छोड़ना नहीं," असं काहीतरी चाललं होतं. पुरणाचं असावं.

दिवाणखान्यात पणजोबांचा फोटो आहे, शेजारी बसलेला हत्ती. हळदीकुंकवाच्या बायका गेल्यावर शरयू त्याच्यासमोर थांबली. "यात हत्ती कुणासाठी बसलाय हो?"

मी म्हटलं, "फोटोसाठी."

"म्हणजे फोटोवाल्यासाठी बसला."

बातम्या लागल्या होत्या, मी आवाज वाढवला.

४ सप्टेंबर, गुरुवार

भास नव्हता. गाडी बसली होती! ताले लावून बाहेर आलो तर गाडी पार खाली, बसलेल्या म्हशीसारखी. शरयू आत बसून अथर्वशीर्ष पुटपुटत होती. मी म्हटलं, "अगं, गाडी बसलीय!" ती म्हणाली, "अगंबाई, हो का?" आणि पुन्हा पुटपुटू लागली.

फाटकाबाहेर काढली, थोडी चालवली, तर उठली. विक्रमसिंह गच्चीवरून बघत होते. "मुकुंदरावजी, आज हाथी थक गया क्या?" पीलखान्याची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती. सांगायला नको होती.

मुरारला लीलाताईंना म्हटलं, ध्रुवची नवी गाडी बिघडली वाटतं. त्या म्हणाल्या, "मुकुंदराव, मला तर गाडी फार समजूतदार वाटते." पडून पडून माणसाचं डोकं भलतीकडे चालतं. शरयू त्यांची वेणी घालत होती, दोघी हसल्या. बिघाडात हसण्यासारखं काय आहे ते बायकांनाच ठाऊक.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळपासून विचार करतो आहे. मी नोकरीत असताना कालव्यांची गळती शोधायचो. गळती शोधायची पद्धत एकच: केव्हा होते आणि केव्हा होत नाही, ते पाहायचं. मी एकटा गेलो तर गाडी बसत नाही. शरयू बरोबर असली तर बसते. म्हणजे कारण उघड आहे. वजन.

रात्री जेवताना मी हे तिला नीट समजावून सांगितलं. रागावून नाही, शास्त्र म्हणून. म्हटलं, हवेच्या पिशव्या नाजूक असतात, तू पुढे न बसता मागच्या सीटवर मधोमध बसून पाहा, भार वाटला जाईल.

शरयूने ताटातली पोळी उचलून परत डब्यात ठेवली. मला वाटलं होतं रागावेल, पण तिने मनावर घेतलेलं दिसतं. बरं वाटलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

शरयू आज ई-रिक्षाने गेली. "तुमच्या पिशव्यांना त्रास नको," म्हणाली. मी म्हटलं, अगं मागे मधोमध... पण ती फाटकाबाहेर गेली होती.

गाडी दिवसभर उंच. म्हणजे माझा सिद्धांत बरोबर.

संध्याकाळी आली ती भिंत धरून. मुरारच्या रस्त्यावर खोदकाम चालू आहे, ई-रिक्षा नुसती उडते. गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपली. वरणभात मीच लावला. वरण पातळ झालं, तिने काही म्हटलं नाही. काही म्हणाली असती तर बरं होतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

शरयू गेलीच नाही. पितृपक्ष आहे म्हणाली. पितृपक्षात बहिणीकडे जाऊ नये असं मी कुठे ऐकलेलं नाही.

दुपारी लीलाताईंचा फोन. तिने फोन घेऊन दार लोटलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. लीलाताईंचा मुलगा त्यांना कायमचं नागपूरला नेतो आहे. इथे एकटीला कोण बघणार? दसऱ्याचं तिकीट काढलंय. सीमोल्लंघनाला मुहूर्त बघावा लागत नाही, असं तो म्हणाला म्हणे.

"मग आपण दसऱ्याला भेटायला जाऊ," मी म्हटलं.

"दसऱ्याला शेवटचं," शरयू म्हणाली. "त्यानंतर ती यायची नाही आणि मी जायची नाही. आता आमच्या दोघींच्या तंगड्या नागपूर-ग्वाल्हेर करणाऱ्या राहिल्यात का?"

मी म्हटलं, व्हिडिओ कॉल असतो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर उघडला. पेपर कालचा होता.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज तिने परत चावी मागितली. मला आनंद झाला, खोटं का बोलू. तिच्याशिवाय त्या गाडीत बसलं की रिकाम्या वर्गात शिकवल्यासारखं वाटतं.

पण मी तयारी केली होती. पोर्चच्या खांबावर गाडीच्या उंचीची खडूने खूण करून ठेवली होती. चारही ताले लावून, ओढून बघून आलो. शरयू पुढच्याच सीटवर. पिशवी डिकीत. गाडी खुणेच्या खाली, चांगली वीतभर! मी जमिनीवर वाकून चारी चाकं पाहिली. शरयू म्हणाली, "अहो, चला ना. ताई वाट बघत असेल. आता किती राहिलंय?"

हे वजनाचं काम नाही. ती अर्धी झाली आहे. एक पोळीवर आली आहे. हवाच गळते आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या खंडेनवमी. वाहनांची पूजा. त्या दिवशी गाडी बसली तर विक्रमसिंह वर्षभर तोंड बंद ठेवणार नाहीत. म्हणून आज हजीऱ्याला मधु मेकॅनिककडे नेली. मधु आपल्यातलाच, त्याचे पूर्वज फौजेत होते. मराठीत सुरू करतो आणि हिंदीत संपवतो.

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, काकू बैठने से गाडी बैठत असेल तर हमारी मामी बैठने से तो ज़मीन में चली जाएगी." त्याने गाडी वर चढवली, खालून बॅटरी मारली, पिशव्यांवर साबणाचं पाणी शिंपडलं. बुडबुडा नाही. पण माझा आग्रह पाहून म्हणाला, "होगा कहीं बारीक लीक. दिल्लीहून पार्ट मागवू. तब तक फ्यूज निकाल देता हूँ. गाडी उंच आहे ती उंचच राहणार."

हेच मला हवं होतं. समोर एक पिवळा दिवा मात्र लागलेला राहतो. घरी येऊन त्यावर गणपतीचं स्टिकर लावलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. पणजोबांचा अंकुश, माझी मोजायची टेप, शरयूची विळी आणि मधोमध गाडी. झेंडूचे हार, हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. शरयूने पूजा अगदी मनापासून केली. गाडीच्या डिकीवर तिने वेगळं कुंकू लावलं, तिथे कोणी लावत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "माझं मन."

गाडी अशी ताठ उभी होती की विक्रमसिंह स्वतः प्रसाद घ्यायला आले. म्हणाले, "आज तो शान है." मी म्हटलं, हत्ती उगाच बसत नाहीत. फ्यूजचं मी कुणालाच बोललो नाही. दुरुस्तीच्या गोष्टी बायकांना सांगून त्यांच्या डोक्याला ताप कशाला?

उद्या दुपारची नागपूरची गाडी आहे लीलाताईंची. शरयू बेसनाचे लाडू वळते आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

लिहायचं की नाही याचा बराच वेळ विचार केला.

मी सकाळी पांढरी चुडीदार, अचकन आणि आमची शिंदेशाही पगडी घातली. दसऱ्याला घालतोच. शरयू नऊवारीत. हातात लाडवांचा डबा, लीलाताईंसाठी आणलेली शाल, आपट्याची पानं. "चावी द्या, मी पुढे होते."

मागचं दार, गच्चीचं दार, जाळीचं दार. पुढचं दार ओढलं आणि ताला हातात घेऊन वळलो, तर डिकी उघडी होती. शरयू आत वाकलेली. तिचा अंगठा भिंतीवरच्या बटणावर होता. ती दाबून धरायची, चाकांकडे बघायची. सोडायची. पुन्हा दाबून धरायची. मी मागे आहे हे तिला माहीत नव्हतं.

"बस गं बाई," ती गाडीला म्हणाली. दावणीच्या गाईशी बोलावं तशी. "आजचा दिवस बस. मग नाही मागणार."

मला सगळे गुरुवार एकदम दिसले. पिशवी. चावी. गरिमा. पोळी. त्या पोळीची तर अशी लाज वाटली की पायरीवरून उतरवेना.

मी जवळ गेलो. ती दचकली आणि तिने अंगठा पदरात लपवला. सत्तरीच्या जवळ आलेली बाई, चोरी सापडल्यासारखी. माझ्या घरात. माझ्यापुढे.

मी म्हटलं, "बसणार नाही. मी फ्यूज काढून घेतलाय."

तिने लाडवांचा डबा माझ्या हातात दिला. "हे ताईला द्या. शाल पण द्या. सांगा, शरयूला ताप आलाय."

समोरून विक्रमसिंह ओरडले, "क्या हुआ? भाभीजी को उठाकर बिठा दें? ड्राइवर को भेजूँ?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण शरयूचा चेहरा असा झाला की तसा मी आयुष्यात पाहिलेला नाही, आणि पुन्हा पाहायचा नाही.

मी डबा गाडीत ठेवला. तिच्या बाजूचं दार उघडलं आणि तिथेच फरशीवर एक गुडघा टेकून बसलो. दुसऱ्या मांडीवर हात मारला. "ये. पाय ठेव."

"अहो, काय करताय? उठा. लोक बघतायत."

"बघू देत. ठेव पाय."

"चुडीदार पांढरी आहे तुमची."

"शरयू, लीलाताईंची गाडी आहे दुपारी. ठेव."

तिने चप्पल काढली. एक हात माझ्या खांद्यावर, एक दाराला. माझ्या मांडीवर तिचा पाय पडला आणि मला कळलं की तिला वजन असं उरलेलंच नाही. ती वर गेली. नऊवारी नीट सावरून बसली. पट्टा लावला.

मग मला उठता येईना. माझाही गुडघा काही तरुण नाही. विक्रमसिंह रस्ता ओलांडून आले, बरोबर दूधवाला. दोघांनी धरून उठवलं. पगडी पडली होती, ती गरिमाने उचलून दिली. कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

मुरारला उतरवताना पुन्हा तेच. लीलाताईंची चाकाची खुर्ची दारातच आणून ठेवली होती, बांधलेल्या सामानाच्या मध्ये. त्यांनी सगळं पाहिलं. मी सोनं द्यायला वाकलो तर माझ्या मांडीवरच्या मातीकडे बघून म्हणाल्या, "काय हो मुकुंदराव, गाडी रुसली वाटतं?"

मी म्हटलं, "नाही, ताई. मीच मूर्ख."

"ते होय," त्या म्हणाल्या. "ते मला तुमच्या लग्नापासून माहीत आहे."

शरयूने त्यांची वेणी घातली. खूप वेळ घातली. सोडली आणि पुन्हा घातली. मुलगा दोनदा घड्याळ बघून गेला, मी त्याला बाहेर चहा प्यायला नेलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

मधुकडून फ्यूज परत बसवून घेतला. तो म्हणाला, "लीक का क्या करें, काका?" मी म्हटलं, सापडलं.

घरी शरयूला सांगितलं, फ्यूज लावून आणला. ती हं म्हणाली. जेवताना तिच्या ताटात मी दुसरी पोळी वाढली. तिने माझ्याकडे पाहिलं. तिसरीही वाढली. "पुरे, पिशव्या फुटतील," ती म्हणाली. चेष्टेत म्हणाली की नाही ते कळलं नाही. पोळ्या खाल्ल्या मात्र.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज आतले ताले मी आधीच लावले. शरयू पुढचा ताला लावून येईपर्यंत डिकी उघडली आणि बटण दाबलं. गाडी जरा हलली आणि थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. विक्रमसिंह गच्चीवरून बघत होते. बघोत.

शरयू मागे येऊन उभी राहिली. "नुसतं दाबू नका. धरून ठेवायचं. सोडलं की थांबते." तिने माझा अंगठा बटणावर ठेवून वरून आपला ठेवला. फूस्स झालं. आधी मागून, मग पुढून, गाडी अगदी खाली बसली.

पणजोबांच्या वचनात नवी नवरी आहे. शरयू नवी नवरी होती तेव्हा मी तिला स्टेशनवरून टांग्यातून आणलं होतं. टांगे बसत नाहीत. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हा मला उडी मारता येत होती."

ती आत बसली. मी बसलो. गाडी सुरू केली.

"कुठे जायचं?" ती म्हणाली.

याचा मी विचारच केला नव्हता. गुरुवार होता, तिची वेळ झाली होती, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मुरारला आता कोणी नाही. आम्ही पोर्चमध्येच बसून राहिलो. तिची पिशवी मांडीवर होती. त्यात काय आहे म्हणून विचारलं तर तिने काढून दाखवला, कंगवा. सवयीने घेतला म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. मी हॉर्नवर हात ठेवून बसलो होतो, तो काढून तिच्या हातावर ठेवला.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं. "मुरारलाच चला. घराला ताला असेल. बाहेरूनच बघू आणि येताना भाजी घेऊ."

मी गाडी काढली. फाटकाबाहेर ती उठायला लागली तशी शरयू म्हणाली, "सावकाश चालवा, आज घाई नाही." भाजीत दोडके मिळाले, कोथिंबीर नव्हती.